साखळीची बस की पुण्याची? गोव्यातल्या बारावीच्या मुलांनी कॉलेज कसं निवडावं

गेल्या मे महिन्यात बहिणीकडे वाळपईला गेलो तर सोप्यावर सभाच भरली होती. भाचीची बारावी झालेली. भावोजींचं म्हणणं, साखळीचं सरकारी कॉलेज अर्ध्या तासावर आहे, पोर दिवेलागणीआधी घरात असेल. बहिणीच्या जावेचं म्हणणं, "पुणे युनिव्हर्सिटीत घाला, बाहेर गेलं की पोर सुटतं." ज्या पोरीबद्दल हे चाललं होतं, ती एका कडेला बसून फणसाचे गरे सोलत होती. मला म्हणाली, "मामा, तू तरी काहीतरी सांग."

मी स्वतः आधी गावाकडच्या एका लहान कॉलेजात शिकलो आणि एम.ए.ला ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, गेलो. पुढे बरीच वर्षं हायर सेकंडरीत शिकवलं. तेव्हा दोन्ही बाजूंचं थोडं थोडं ठाऊक आहे. भाचीला जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो.

आधी "विद्यापीठ" या शब्दाची गल्लत काढा

"पुणे युनिव्हर्सिटीत घाला" म्हणणाऱ्यांना विचारा, म्हणजे नेमकं कुठे? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. आणि संशोधनासाठी आहे. बारावीनंतर बी.ए., बी.कॉम.ला जाणारं मूल त्या विद्यापीठाला संलग्न असलेल्या एखाद्या कॉलेजात जातं. मुंबईच्या कलिन्याचंही बव्हंशी तसंच. गोवा विद्यापीठही त्याच घडणीचं. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चं बहुतेक शिक्षण कॉलेजांत आणि त्यापुढचं पठारावर.

म्हणजे साखळी, केपे, खांडोळा, काणकोण, पेडण्याचं विर्नोडा किंवा पणजीचं मिरामार, कुठेही शिका, पदवीच्या कागदावर शिक्का गोवा विद्यापीठाचाच. कॉलेज स्वायत्त नसेल तर अभ्यासक्रमही एकच. मडगावच्या चौगुलेसारखं स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः आखतं, पण पदवी विद्यापीठच देतं. नोकरीच्या अर्जात "विद्यापीठ" या रकान्यात साखळीच्या आणि मिरामारच्या पोराचं उत्तर सारखंच येणार. ही साधी गोष्ट कित्येक घरांत कुणी सांगितलेलीच नसते.

पदवी म्हणजे बाहेरगाव, हा समज आला कुठून? वैद्यकीचं शिक्षण पणजीत 1842 पासून होतं. बी.ए., बी.एस्सी.साठी मात्र मुक्तीपर्यंत बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. धेंपे आणि चौगुले ही कॉलेजं 1962 मध्ये सुरू झाली. तीही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. गोवा विद्यापीठ 1985 मध्ये उभं राहिलं. आजोबांच्या पिढीला दुसरी वाटच नव्हती, आणि त्यांची ती गरज आपल्या डोक्यात प्रतिष्ठा होऊन बसली आहे.

खरंखुरं मोठं विद्यापीठ, जिथे पदवीपासून सगळं एकाच आवारात चालतं, ते हवं असेल तर केंद्रीय विद्यापीठं किंवा खाजगी विद्यापीठं बघावी लागतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा फॉर्म बारावीचा निकाल लागायच्या आधीच भरायचा असतो. आमच्या सोप्यावरची सभा मे महिन्यात भरली तेव्हा ती मुदत केव्हाच टळली होती. तुमच्या घरातली सभा चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीत भरवा. बारावीच्या वर्षातली चवथ, नंतरची नव्हे.

विषय आधी, गाव मागाहून

कागदावर एक ओळ लिहा : मला मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला घ्यायचा आहे? हे ठरलं की निम्मा वाद आपोआप मिटतो. भूशास्त्र हवं असेल तर गोव्यात ते चौगुले, धेंपे अशा मोजक्याच कॉलेजांत मिळतं. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात वाढलेलं पोर या विषयाकडे ओढलं जाणं स्वाभाविक आहे, पण त्यासाठी त्याला रोज लांब जावं लागेल किंवा खोली घ्यावी लागेल. उलट वाणिज्य किंवा इतिहास हवा असेल तर जवळच्या कॉलेजात तो बहुतेक मिळेलच.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजरच्या जोडीला मायनर, म्हणजे दुय्यम विषय, आला, कौशल्याचे आणि मूल्यशिक्षणाचे पेपर आले. माहितीपत्रकात मायनरची यादी लांबलचक असते. लहान कॉलेजात पुरेशी मुलं जमली नाहीत तर त्यांतले काही चालतच नाहीत. म्हणून "कुठले मायनर आहेत?" असं न विचारता "गेल्या वर्षी कुठले मायनर प्रत्यक्षात चालले?" असं विचारा. ऑफिसातला क्लार्क थोडा वेळ गप्प राहिला तर काय ते समजा.

चौथ्या वर्षाचंही आताच विचारून ठेवा. तीन वर्षांत किमान 120 क्रेडिट (शिकवण्याच्या तासांवर मोजलेलं अभ्यासाचं माप) झाले की पदवी, चार वर्षांत 160 झाले की ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, शिवाय त्या विषयाचे मार्गदर्शक कॉलेजात असावे लागतात. तुमच्या विषयाचं चौथं वर्ष तिथेच होतं की त्यासाठी दुसरीकडे जावं लागतं, हे आज कळलेलं बरं.

कॉलेजाची कागदपत्रं वाचायला शिका

ही पायरी जवळपास कुणीच चढत नाही. खरी माहिती मात्र इथेच सापडते, तीही घरबसल्या.

नॅक या कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेची श्रेणी सगळे बघतात. चारपैकी 3.51 पासून ए प्लस प्लस, 3.26 पासून ए प्लस, 3.01 पासून ए, 2.76 पासून बी प्लस प्लस, असं ते उतरत जातं. ती श्रेणी सबंध कॉलेजाची असते, तुमच्या विभागाची नसते, म्हणून तिच्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा कॉलेजाच्या वेबसाइटवर एक्यूएआर नावाचा वार्षिक अहवाल शोधा. तो रुक्ष असतो, पण त्यातल्या तीन जागा बघा : एकूण विद्यार्थी किती, पूर्णवेळ शिक्षक किती, आणि मंजूर पदांपैकी भरलेली किती. विद्यार्थ्यांच्या आकड्याला पूर्णवेळ शिक्षकांच्या आकड्याने भागा. एका शिक्षकामागे वीस मुलं येतात की पन्नास, हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलतं.

हा हिशेब मी का करायला सांगतो? मी ज्या लहान कॉलेजात शिकलो, तिथे आमचा एक पेपर शिकवणारे सर लेक्चर बेसिसवर होते. चांगलं शिकवायचे. ऑक्टोबरात त्यांना दुसरीकडे कायमची नोकरी लागली आणि ते गेले. जागा भरेपर्यंत सत्र संपत आलं. शेवटची दोन युनिटं आम्ही वरच्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीवरून, झेरॉक्स काढून, आपापसांत शिकलो. त्या पेपराचे गुण अजून माझ्या मार्कलिस्टवर खड्ड्यासारखे दिसतात. सरांचा दोष नव्हता. तासावर पैसे मिळणारा माणूस किती दिवस थांबणार? तेव्हा तुमच्या विषयात किती शिक्षक कायम आहेत, किती कंत्राटी आणि किती लेक्चर बेसिसवर, हे थेट विचारा. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजातही विचारा, तिथेही हा प्रकार असतो.

दुसरा कागद एनआयआरएफचा. देशपातळीवरच्या या क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपली भरलेली माहिती वेबसाइटवर ठेवतात. क्रमांक सोडून द्या. आतला तक्ता उघडा. त्यात त्या वर्षी किती मुलं पास झाली, त्यांतली किती नोकरीला लागली, त्यांचा मध्यम पगार किती आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, हे सगळं लिहिलेलं असतं. "हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट" असा फलक लावणाऱ्या संस्थेचा हा तक्ता वाचताना कधी कधी हसू आवरत नाही.

एक दिवस जाऊन बसा

ॲडमिशनच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा सगळंच झाडलेलं-पुसलेलं असतं. बारावीच्या वर्षात, जुलै-ऑगस्टच्या पावसात, चालू दिवशी जा. आईबाबांना गेटाबाहेर चहाला बसवा.

लायब्ररीत पाच मिनिटं उभं राहा. आमच्या लहान कॉलेजाची लायब्ररी म्हणजे दोन खोल्या, पावसात एका कपाटाला ओल यायची. पण लायब्ररियन बाई प्रत्येकाला ओळखायच्या. मी नवं पुस्तक मागितलं की त्या टेबलाखालून एखादं जुनं काढायच्या आणि म्हणायच्या, "आधी हे वाच, मग ते देते." मोठ्या लायब्ररीत नंतर हजारो पुस्तकं बघितली, पण माझ्यासाठी पुस्तक बाजूला काढून ठेवणारं कुणी भेटलं नाही. तेव्हा कपाटं मोजू नका. मुलं पुस्तकं घेऊन जाताहेत का, तेवढं बघा.

विज्ञानाला जाणार असाल तर प्रयोगशाळेत किती मुलं एका टेबलाशी आहेत ते मोजा. चार जण एका सूक्ष्मदर्शकावर वाकले असतील तर त्यांतला एकच शिकतो, बाकीचे त्याची वही उतरवतात. टॉयलेटमध्ये पाणी आहे का बघा, विशेषतः मुलींनी. मग तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा आणि एकच प्रश्न विचारा : "शेवटचं लेक्चर कधी बुडालं आणि का?" याचं उत्तर कुणी पढवून ठेवलेलं नसतं.

रस्त्याचा हिशेब

गोवा लहान आहे, सगळं जवळच, असं आपण म्हणतो. हा हिशेब एकदा मांडून बघा.

वर्षाला साधारण 180 दिवस कॉलेज भरतं असं धरा. वाळपईहून पणजीला बसने दीड तास, म्हणजे जाऊन-येऊन तीन. वर्षाचे 540 तास. साखळीला जाऊन-येऊन एक तास, वर्षाचे 180. फरक 360 तासांचा. आता थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तासांचं शिकवणं, चार क्रेडिटचा पेपर म्हणजे 60 तास. तेव्हा पणजीला येजा करणारं पोर साखळीला जाणाऱ्यापेक्षा दर वर्षी सहा पेपरांइतका जास्त वेळ बसमध्ये घालवतं, आणि तोही बहुतेक उभ्याने.

बसमध्ये वाचता येतं असं कुणी म्हणालं तर त्याला सकाळच्या गर्दीच्या बसमध्ये एकदा चढवा.

अंतराइतकीच शेवटची बस महत्त्वाची. कॉलेजातल्या खऱ्या गोष्टी, नाटकाची तालीम, वादविवाद, जिमखाना, सरांशी पंधरा मिनिटं बोलणं, हे सगळं लेक्चर संपल्यावर असतं. ज्याला घड्याळ बघत स्टँड गाठायचा असतो तो या सगळ्यातून गळतो. मग शहरातलं कॉलेज घेऊन मिळवलं काय? रोज तीन तास लागणार असतील तर माझं मत सरळ आहे : एकतर शहरात खोली घ्या, नाहीतर जवळचं कॉलेज घ्या. अधलंमधलं सगळ्यात वाईट. सरकारी कदंब बसचा विद्यार्थी पास पैसे वाचवतो, तास वाचवत नाही.

मोठ्या जागेचं देणं

इथवर वाचून वाटेल की मी गावाचीच बाजू घेतोय. तसं नाही. पठारावर गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की माझ्या कॉलेजात मी हुशार होतो, इथे साधारण आहे. ते कळायला मला बी.ए.ची सगळी वर्षं जावी लागली. मोठ्या ठिकाणी वर्गातली चार मुलं आपल्यापेक्षा खूप पुढे असतात आणि त्यांच्यामागे धावताना आपण आपसूक पुढे जातो. लहान कॉलेजात पहिला नंबर येणं सोपं, आणि तिथेच धोका असतो.

शिवाय विषयांची सरमिसळ. माझ्या शेजारच्या खोलीत सागरविज्ञानाचा मुलगा होता. त्याच्याशी गप्पा मारताना मांडवीच्या गाळावर कुणी वर्षानुवर्षं अभ्यास करू शकतं, हे मला प्रथम कळलं. अशी माणसं लहान कॉलेजात सहसा भेटत नाहीत. आणि बाहेरचं शहर एक गोष्ट देतं जी गोव्यातलं कुठलंच कॉलेज देऊ शकत नाही : तिथे कुणी तुमच्या बाबांना ओळखत नसतं. काही मुलांना याची फार गरज असते. तुमचं मूल त्यांतलं आहे का, हे तुम्हालाच ठाऊक.

लहान कॉलेजाची याविरुद्धची बाजू अशी की तिथे हात वर केला की काम मिळतं. एनएसएसचं शिबिर, वार्षिकांक, जनरल सेक्रेटरी, यू.आर.ची, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधीची, निवडणूक, सगळं तीन वर्षांत करून होतं. बुजऱ्या मुलाला मोठ्या कॉलेजात माईक मिळेलच असं नाही. बुजऱ्याला लहान ठिकाणी आणि धीट, पण आळशी मुलाला मोठ्या ठिकाणी घालावं, असं मला इतक्या वर्षांत वाटू लागलंय. उलट करणारेच फार दिसतात.

भाषेचं काय?

आपली पोरं मराठी प्राथमिक शाळेतून येतात, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, आणि घरात कोंकणी-मराठीची खिचडी. कॉलेजची पुस्तकं इंग्रजीत. तालुक्याच्या कॉलेजात सर अडलेला मुद्दा कोंकणीत नाहीतर मराठीत फोडून सांगतात. पुण्या-मुंबईत मराठी चालेल असं वाटतं, पण वर्गात निम्मी मुलं परप्रांतातली असली की इंग्रजीशिवाय गत्यंतर नसतं. पहिलं सत्र जड जातं. जायचंच ठरलं तर मेमध्ये आपल्या विषयाची दोन इंग्रजी पुस्तकं वाचून काढा, तेवढंही पुष्कळ.

मराठीच घेऊन शिकायचं असेल तर गोव्याबाहेर पळायची गरज नाही. कॉलेजात मराठी मेजर करा आणि एम.ए.ला पठारावर या. तिथला मराठीचा अभ्यास ज्या भाषा विभागात चालतो त्याला कोंकणीचे कैवारी शणै गोंयबाबांचं नाव आहे. कोंकणी-मराठीच्या वादात उभं आयुष्य घालवलेले लोक यावर हसतात, आणि हसून झालं की आत जाऊन वर्गात बसतात.

पैसे आणि दाखले

फीवरून तुलना करू नका, फी हा त्यातला लहान भाग. दहा महिन्यांचं खोलीभाडं, अनामत, मेस, सुट्टीच्या दिवशीचं बाहेरचं जेवण, आणि घरी येण्याच्या फेऱ्या लिहा. चवथ, दिवाळी, शिगमो आणि गावची जत्रा, म्हणजे चार फेऱ्या धराच, कारण पोर येणारच. चवथीच्या तोंडावर पुण्याहून येणाऱ्या बसचं भाडं बघून मगच बेरीज करा. या रकमेच्या शेजारी साखळीचा वर्षाचा खर्च लिहा. जो फरक येईल तो एम.ए.साठी किंवा एखाद्या चांगल्या कोर्ससाठी बँकेत टाकता आला असता का, असा विचार करून बघा.

गोवा सरकारची व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज योजना आहे, तिची चौकशी गोवा शिक्षण विकास महामंडळाकडे करा. अनुसूचित जमातीच्या, म्हणजे गावडा, कुणबी, वेळीप समाजातल्या मुलांनी त्यांच्यासाठीच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या विचाराव्यात.

दाखल्यांत घोळ होतो तो नेहमी शेवटच्या आठवड्यात. बाहेर जाणार असाल तर गोवा बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, आणि पुण्या-मुंबईत दुसऱ्या राज्यातल्या बोर्डाच्या मुलांना पात्रतेची वेगळी कागदपत्रं करावी लागतात. मामलेदार कचेरीतला रहिवासी दाखलाही इथे असतानाच काढून ठेवा. ऑक्टोबरात पुण्याहून फोन करून बाबांना वाळपईच्या कचेरीत रांगेत उभं करण्यात शहाणपण नाही.

दोन्ही घेता येतात

आमच्या सोप्यावर सगळे असं बोलत होते की जणू हा एकदाच घ्यायचा निर्णय आहे. तो तसा नाही. तीन-चार वर्षं जवळच्या कॉलेजात, चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली, घरचं जेवून, आणि मग एम.ए., एम.एस्सी.ला मोठं विद्यापीठ. गोवा विद्यापीठासाठी जीयू-आर्ट नावाची प्रवेश परीक्षा असते, बाहेरच्या विद्यापीठांच्या आपापल्या. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना पुढचं पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात करण्याची सोयही नव्या आराखड्यात आहे. आता मिळवलेले क्रेडिट 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्यामुळे वर्षभराने कॉलेज बदलणंही पूर्वीइतकं अशक्य राहिलेलं नाही. पण दोन्हीकडचे पेपर जुळतात का, हे आधी लेखी विचारून घ्या.

याला अपवाद : ज्या विषयाची सोय गोव्यात नाही तो, आणि ज्या मुलाला घरातून बाहेर पडणं औषधासारखं गरजेचं आहे ते. या दोघांना अडवू नका.

ॲडमिशन झाल्यावरही दार उघडं असतं

पैसे भरले की अडकलो, या भीतीने पोरं रडत वर्ष काढतात. युजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2018 चा फी परताव्याचा नियम असा (त्या वर्षीचं वेगळं परिपत्रक निघालं असेल तर ते आधी बघा) : प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर प्रक्रिया खर्चाचे जास्तीत जास्त 5 टक्के (तेही 5000 रुपयांपर्यंतच) कापून पूर्ण फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90 टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत 80, तीस दिवसांत 50, आणि पुढे काही नाही. मूळ मार्कलिस्ट आणि दाखले कॉलेजने ठेवून घ्यायचे नाहीत, बघून लगेच परत द्यायचे, हेही त्यातच आहे. कुणी ठेवतो म्हणालं तर हा नियम दाखवा.

म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत रोज एका वहीत लिहा : किती लेक्चर होती, किती झाली, किती शिक्षक आले. भाचीने साखळी घेतलं आणि वही आणली. जूनच्या शेवटी मला फोन आला, "मामा, चोवीसमधली एकवीस झाली. तीन बुडाली ती पावसामुळे. बसच आली नाही."